सव्वादोन शेरांची लेक

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी सकाळीच माणिकबाईला पिंपळखेडहून बोलावणं आलं. राजापेठेच्या वेशीबाहेर विहिरीच्या पाण्यावर ती वांगी-मेथी पिकवायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण आसपासच्या चार-पाच कोसांत तिला भाजीवाली म्हणून कुणी ओळखत नसे, सुईण म्हणूनच ओळखत. मेथीची जुडी तशीच टाकून ती न्यायला आलेल्या बैलबंडीत बसली.

बाळंत होणारी होती मनकर्णा, पार्वताबाईची सून. वय सतरा, पहिलंच बाळंतपण. पहिली खेप माहेरी व्हायची रीत, पण पार्वताबाईनं तिला चांदूरला धाडलंच नव्हतं. "माह्या डोळ्यासमोर होऊ दे," एवढंच ती म्हणाली होती. का म्हणाली, ते माणिकबाईला दुपारी कळलं.

पोरगी झाली. रडली चांगली, पण आवाज मांजराच्या पिलासारखा बारीक. माणिकबाईनं नाळ कापली, तेल लावलं आणि सवयीनं तिला तळहातावर तोललं. सव्वादोन शेर, वर चिमूटभर असेल-नसेल. इतर लेकरं तीन शेरांच्या पुढं असायची. पार्वताबाई दारातच उभी होती. तिनं लेकराकडं पाहिलं आणि उजव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवायला लागली.

"फागुन, चैत, वैशाख..." भादव्यापाशी अंगठा थांबला. "सात. सात महिन्याचं हाये हे."

बाजेवर मनकर्णेनं डोळे मिटून घेतले.

हिशेब कशाचा होता, तो साऱ्या गावाला ठाऊक होता. दूरच्या मुलखात कुठं लढाई लागली आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हती ती मागणी आली. रेल्वे तेव्हा खानदेशापर्यंतच आलेली. मार्गशीर्षात चंपाषष्ठी झाली अन् पार्वताबाईचा लेक सूर्यभान चार बंड्या कापूस भरून अकोल्याच्या वाटेनं निघाला. कापूस रेल्वेच्या टोकाला पोचवला, पण परत आला नाही. बंड्यांना काम एवढं होतं की तो तिकडंच रुळांचं लोखंड वाहत राहिला. जेठात पेरणीला परतला, तेव्हा मनकर्णेला सहावा संपून सातवा लागला होता. पोट मात्र चौथ्या महिन्यासारखं. पार्वताबाईच्या मनात तेव्हाच खुट्ट झालं होतं. त्यातच माघ-फाल्गुनात मुंबईच्या अडत्याची माणसं कापूस पाहायला गावात उतरली होती, चार दिवस याच घराच्या ओसरीवर राहिली होती. त्यांना भाकरी वाढायला मनकर्णाच होती.

"पार्वताबाई, इकडं या," माणिकबाई म्हणाली. "सोता पाहा. ही नखं पाहा. बोटाच्या टोकाच्या भाईर आली. सात महिन्याच्या लेकराले नखं बोटाच्या अर्ध्यात असते. हा कान दुमडा. पाहा, सोडला का लगेच उभा राह्यला. कच्च्या लेकराचा कान दुमडला का तसाच चिकटून राह्यते. आन् तळपाय पाहा, टाचेलोक रेघा हायेत. हे लेकरू पुरं हाये. लहान हाये, पण पुरं हाये."

पार्वताबाई दारातून आत आली नाही.

"तू सुईण हाये माणिके, सुईणीचं काम कर. माह्या घरची लेकरं कशी असते, मले ठाऊक हाये. सूर्यभान जनमला तवा दोन हातात मावत नव्हता. त्याचा बापही तसाच होता, असं माही सासू सांगे. हे आमच्या घरचं माप नोहे." थोडं थांबून ती म्हणाली, "बाराव्या दिवशी किसनराव भाऊजी आन् चार जण बसतीन. बारसं करायचं का हिले बंडीत बसवून धाडायचं, ते तवा ठरन."

ती निघून गेली. शेगडीत निखारे भरायला सांगावं म्हणून माणिकबाईनं हाक मारली, तर उत्तर आलं नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की बारा दिवसांत काही ठरवायचीही गरज पडणार नाही. एवढंसं लेकरू, बाहेर पावसाळी गारठा. कुणी हात लावला नाही की आपोआप निकाल लागेल.

माणिकबाई घाबरली. ते भय नवं नव्हतं.

पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात जमुना नावाची पोर अशीच बाळंत झाली होती. तिचंही लेकरू असंच लहान, नवरा असाच परगावी. माणिकबाईनं तेव्हाही नखं पाहिली होती, कान दुमडून पाहिला होता. पण सुईणीला कुणी विचारत नाही आणि न विचारता बोलायची तिची छाती झाली नाही. शिधा घेऊन ती घरी आली. तिसऱ्या दिवशी जमुना लेकरू पोटाशी बांधून विहिरीवर गेली. ते कळल्यावर माणिकबाई दोन महिने कुणाच्या बाळंतपणाला गेली नाही. पुन्हा जायला लागली, तेव्हा जे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं ते पाहायला लागली: लहान लेकरू कुणाच्या पोटी येतं? खाऊन-पिऊन असलेल्या घरीही येतं, धडधाकट बाईलाही येतं. मग जवळच्या माळीपुऱ्यात तिच्याच हातावर जन्मलेल्या पोरी मोठ्या होऊन बाळंत व्हायला लागल्या आणि तिच्या लक्षात येत गेलं. जी पोरगी मूठभर जन्मली होती, तिच्या पोटी पुष्कळदा मूठभरच लेकरू यायचं. दर खेपेस नाही, पण चारातल्या तिघींना तरी. बाप कितीही दांडगा असो.

तिनं मनकर्णेच्या कानाशी तोंड नेलं.

"बाई, तू जनमली तवा केवढी होती? कोनं सांगतलं का तुले?"

मनकर्णेनं डोळे उघडले. एवढा वेळ ती रडली नव्हती, आता रडायला लागली. "आत्या म्हने का मी सुपाच्या कोपऱ्यात मावत होती. काहून, माय?"

"रडू नको. दूध आटन. तुही आत्या कुठी राह्यते?"

"चांदूरले."

माणिकबाई त्या दिवशी घरी गेलीच नाही. खोलीच्या कोपऱ्यात रुईचं पोतं होतं. त्यातला पिंजलेला कापूस काढून तिनं लेकराला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं, फक्त तोंड उघडं ठेवलं, आणि मनकर्णेच्या छातीशी उघड्या अंगाला लावून वरून लुगडं बांधलं. पोरीला ओढून प्यायची ताकद नव्हती. वाटीत दूध पिळून कापसाच्या वातीनं ती थेंब थेंब ओठात सोडत राहिली. दर घटकेला पुन्हा. पाचव्या दिवशी सटवीची पूजा घरात कुणी मांडली नाही. माणिकबाईनंच पाटावर सुपारी ठेवली आणि हात जोडले.

सूर्यभान त्या पाच दिवसांत एकदाही आत आला नाही. गोठ्यात बैलांपाशी बसून राही. सहाव्या दिवशी माणिकबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"बंडी जुंप. मले चांदूरले जायचं हाये."

"मायले इचारा," तो खाली पाहत म्हणाला.

"तुले इचारून राह्यली मी. तुह्या मनातही तेच हाये का?"

तो दोरी हातात गुंडाळत राहिला, मग उठला आणि बैल सोडले. बंडी हाकायला स्वतः आला नाही, शेजारच्या नत्थुजीला दिली. निघण्याआधी माणिकबाईनं वात कशी बुडवायची ते मनकर्णेला चारदा करून दाखवलं. "मी उद्या संध्याकाळलोक येतो. मधात कोनी काही पाजाले आनलं तं घेऊ नको. कोनीही आनलं तरी."

वाट चिखलाची होती. काळी माती चाकांना धरून ठेवत होती, दोन ठिकाणी बैल बसले. आपण नसताना तिकडं काय होत असेल या विचारानं माणिकबाईनं नत्थुजीला दोनदा बैल हाकायला सांगितलं. वातीनं पाजणारी ती पोर स्वतःच अजून पोर. आणि आत्या काहीच वेगळं बोलली तर? मनकर्णा स्वतःच दिवस भरायच्या आत जन्मली असली तर? मग आपल्यापाशी काय उरतं? तिची स्वतःचीच खात्री हलायला लागली होती.

मनकर्णेची आत्या कौशल्या दारात तूर निवडत होती. मनकर्णा तीन वर्षांची असताना तिची आई गेली, बाप पटकीच्या साथीत गेला. वाढवली ती या आत्यानंच. सारं ऐकल्यावर तिनं हातातलं सूप खाली आपटलं.

"सातमाशी म्हनते? ती? तिनं म्हनावं?"

"काहून? तिनं काहून नोहे?"

"अवं, मनकर्णा पोटात होती तवा सातव्याची ओटी भराले पार्वताबाई सोता आलती. माघात. माह्या भावाचा आन् तिच्या मालकाचा लय जिव्हाळा. पोरगी झाली तं सोयरीक, असं दोघांनी ठरवूनच टाकलं होतं. मंग चैतात पोरगी झाली. पार्वताबाई बारशाले कुंची शिवून घेऊन आली. कुंची घातली तं पोरगी त्याच्यात दिसेच ना. हिनं एका हातावर घेतली आन् म्हने, हे जगन का? वाटेत मालकाशी भांडत गेली का असं उंदराचं पिलू माह्या लेकाले काहून. त्यानं ऐकलं नाई."

माणिकबाई ओट्यावर बसली. 

"तुमी चला माह्यासंगं," शेवटी ती म्हणाली.

"मी सांगतलं तं कोन ऐकन? मी पोरीकडची."

"तुमचं नाई ऐकनार. पण तुमच्यासमोर तिले खोटं बोलाले जड जाईन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी पिंपळखेडात शिरल्या. माणिकबाई बंडी थांबायच्या आतच उतरली आणि धावत खोलीत गेली. मनकर्णा भिंतीला टेकून बसली होती, डोळे लाल, हातात वात. लेकरू जिवंत होतं. वाटीतलं दूध संपलं होतं.

"दुपारी सासूबाईनं काढा आनला होता," मनकर्णा हळूच म्हणाली. "लेकराले सर्दी होईन म्हने. मी सांडून देल्ला."

काढा खरंच सर्दीचा होता की नाही, ते कुणाला कधी कळलं नाही. माणिकबाईनंही विचारलं नाही.

बाराव्या दिवशी दुपारी ओसरीवर सतरंजी पडली. सूर्यभानचा बाप आता नव्हता, म्हणून चुलता किसनराव मध्ये बसला, बाजूला भाऊबंद चौघे. सूर्यभान खांबाला टेकून उभा. बायका आतल्या दाराशी. किसनराव समजूतदार माणूस होता, पण त्याला हे लवकर उरकायचं होतं. त्यानं आधी कौशल्येचं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बाई, तुमी माहेरच्या. तुमी बोलनारच. याले साक्ष म्हनत नाई."

"मंग माही घ्या," माणिकबाई उंबऱ्याबाहेर आली.

"सुईणबाई, तुमी नखाची गोष्ट सांगतली, ते वहिनीनं सांगतलं आमाले. पण लेकरू पुरं असतं तं एवढंसं काहून? आमच्या घरी असं एकही नाई झालं."

"तुमच्या घरी नाई झालं, हे खरं. पण हे लेकरू तुमच्या घरच्या पोटात नाई वाढलं, किसनराव. मनकर्णेच्या पोटात वाढलं. बाप दांडगा असला तं लेकरू पुढं दांडगं होईन, ते वाढल्यावर. पोटात असते तवा मायचं माप चालते. माय जनमली तेवढं लेकरू, असं मी पंधरा वर्षं पाहून राह्यली."

"हे तुमी म्हनता."

"मी म्हनते. म्हनून माहं नका ऐकू. जिनं मनकर्णेले जनमल्यावर हातात घेतली तिले इचारा." ती वळली. "पार्वताबाई, तुमी बारशाले चांदूरले गेलत्या. मनकर्णा केवढी होती?"

पार्वताबाईचा चेहरा एकदम उतरला. ती कौशल्येकडं पाहायला लागली. कौशल्येनं नजर हलवली नाही.

"सोळा-सतरा वर्षं झाली," पार्वताबाई म्हणाली. "कोनाच्या ध्यानात राह्यते?"

"कुंची कोन शिवली होती?"

पार्वताबाई उंबऱ्याकडं पाहायला लागली.

"पार्वताबाई, मी तुमाले शपथ घालत नाई. तुमच्या मालकाचं नावही घेत नाई. तुमी नाई म्हना, मी आता उठून घरी जातो. पण आत एक लेकरू हाये आन् एक पोर हाये. त्या दोघीचं जे होईन ते तुमच्या एका शब्दानं होईन."

किसनराव पुढं सरकला. "वहिनी?"

पार्वताबाईनं पदर तोंडाला लावला. ही बाई नाही म्हणाली तर पुढं बोलायला आपल्यापाशी काही नाही, हे माणिकबाईला पक्कं ठाऊक होतं.

"इतकीशी होती," पार्वताबाई म्हणाली. तिनं पदरातून हात काढून तळवा उघडला. "कुंचीत दिसे नाई. मले वाटलं, जगत नाई."

"आन् दिवस?" किसनरावनं विचारलं. "ती सातमाशी असन तवा."

"नाई." हा शब्द तिनं लगेच उच्चारला, जणू आता थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही. "ओटी म्याच भरली होती. माघात सातवा होता. चैतात झाली. नऊ भरून वर चार दिवस गेलते." ती मटकन खाली बसली. "हे म्या कधी जोडूनच पाह्यलं नाई, भाऊजी. माय जनमली तवा लहान, तिची लेकही लहान, हे मले दिसलंच नाई. मले सूर्यभानच दिसे."

किसनरावनं बोटं मोजली. चंपाषष्ठी ते महालक्ष्म्या. भरलेले नऊ. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "बारसं करा."

तेव्हा आतून मनकर्णा दारात आली. बाराव्या दिवशीच्या बाळंतिणीनं असं माणसांपुढं यावं, ही रीत नव्हती. लेकरू छातीशी बांधलेलं होतं. तिनं सासूकडं पाहिलंच नाही. सूर्यभानकडं पाहत राहिली.

"मायले दिसलं नाई," ती म्हणाली. "पण तुमी कोनत्या दिवशी गेले, कोनत्या दिवसापासून मले दिवस गेले, हे तुमाले ठाऊक होतं. तुमी काहून नाई बोलले?"

खानदेशातून परतल्यावर गावातली कुजबुज ऐकून सूर्यभाननंही दिवस मोजले होते, ते जुळतही होते. तरी तो गप्प बसला होता. सगळ्यांसमोर तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

बारसं त्याच संध्याकाळी झालं. नाव द्वारका ठेवलं. घुगऱ्या वाटल्या, शेजारणी आल्या, पण पाळण्याची दोरी ओढताना मनकर्णेनं तोंड भिंतीकडं ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती आत्यासोबत चांदूरला निघाली. पार्वताबाईनं तिला अडवलं नाही. बंडीत गादी घातली, वर तट्ट्याचं छप्पर बांधलं आणि आत निघून गेली.

सूर्यभान आश्विनात चांदूरला गेला, तेव्हा कौशल्येनं त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं. दिवाळीनंतर पुन्हा गेला. या खेपेस मनकर्णा बाहेर आली. तिनं सांगितलं, घरी येते, पण पुढचं बाळंतपण चांदूरलाच होईल आणि माणिकमायच येईल. आणि तू कुठं गेलास तर कोणत्या दिवशी निघालास ते गावात चौघांना सांगून जाशील. तो हो म्हणाला. "अहो"वरून ती त्या दिवशी "तू"वर आली होती, ते त्याला वाटेत लक्षात आलं.

पुढं लढाई थांबली, कापसाचा भाव पडला, बंड्या घरीच राहिल्या. बडनेऱ्यापर्यंत रूळ आले त्या सुमारास मनकर्णेला मुलगा झाला. नवरा वर्षभर तिच्यासोबत एकाच वावरात राबत होता. मुलगा अडीच शेरांचा. माणिकबाईनं निरोप धाडला तशी पार्वताबाई चांदूरला आली. लेकराला हातावर घेतलं, नखं पाहिली नाहीत, कान दुमडला नाही. नुसतंच बराच वेळ धरून बसली.

माणिकबाई त्यानंतरही पुष्कळ वर्षं राबली. कुठल्याही घरी पहिलटकरीण असली की सातव्या महिन्यातच जाऊन तिच्या आईला, नसली तर आत्याला-मावशीला विचारून ठेवी, ही जन्मली तेव्हा केवढी होती. आणि उत्तर तिच्या सासूसमोर पुन्हा मोठ्यानं म्हणायला लावी. काही घरांत लोक हसत. तिला त्याचं काही वाटत नसे.

पार्वताबाईनं सुनेची माफी कधी मागितली नाही आणि मनकर्णेनंही ती मागावी असं कधी दाखवलं नाही. दोघी एका चुलीवर राहिल्या, एका वावरात कापूस वेचत राहिल्या. द्वारका मात्र आजीच्या मागं मागं फिरायची. ती पाच-सहा वर्षांची झाली, तेव्हा इतर पोरींइतकीच उंच झाली होती. वेचणीला आजीच्या ओटीत बोंडं टाकायची आणि वाटेतली बोरं स्वतः खाऊन टाकायची. मनकर्णा दुसऱ्या ओळीतून पाहायची, हाक मारायची नाही, आणि पुन्हा खाली वाकायची.